बायबलमधील उत्सव-सहभागविचार
सण, मेजवानी व उत्सव यांत भाग घेण्याविषयी बायबलमध्ये आढळणारी, वरवर परस्परविरोधी वाटणारी वचने आणि त्यांचा अन्वयार्थ. मोशेच्या नियमशास्त्रानुसार बेखमीर भाकरी, सप्ताह व मंडप या तीन सणांना इस्राएलातील सर्व पुरुषांनी दरवर्षी देवापुढे उपस्थित राहावयाचे असते (अनुवाद १६ : १६), उलट इ. स. पू. आठव्या शतकातील आमोस व यशया हे संदेष्टे अशाच सणांचा देवाला वीट आल्याचे सांगतात. हा निषेध सणांचा नसून गरिबांना नाडून साजऱ्या केलेल्या सणांचा आहे, हे संदर्भावरून स्पष्ट होते.

योहानाच्या शुभवर्तमानातील विसंगती अधिक अवघड आहे. मंडपांच्या सणास आपण जात नाही, असे भावांना सांगून येशू मागाहून गुप्तपणे तेथे जातो (७ : ८–१०). तिसऱ्या शतकातील तत्त्वज्ञ पॉर्फिरी याने यावरून त्याच्यावर चंचलपणाचा आरोप केला. व्हॅटिकन हस्तलिखितात ‘अद्याप जात नाही’ असा पाठ आहे, तर सिनाई हस्तलिखितात नुसते ‘जात नाही’. अडचण टाळण्यासाठी ‘अद्याप’ हा शब्द मागाहून घातला गेला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

व्यवहारात सर्वांत महत्त्वाचे ठरले ते पौलाचे करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र. मूर्तीच्या पंक्तीत बसू नये असे तो बजावतो. पण अन्य धर्मीयाने घरी बोलावल्यास जावे व वाढलेले निःशंकपणे खावे, असेही त्याच अध्यायात सांगतो (१० : २१, २७). पूजास्थान व यजमानाचे घर यांतील हा भेद आहे.

सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकात कार्य सुरू केले. तेथे मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची यात्रा भरते. सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते व प्रतीकात्मक विवाहाच्या अक्षता टाकल्या जातात. पौलाचा भेद येथे लावल्यास गड्ड्याच्या बाजारात हिंडणे किंवा शेजाऱ्याचा तिळगूळ घेणे यांस हरकत उरत नाही. अक्षता टाकणे मात्र विधीतच सामील होणे ठरते. प्रसादाचा प्रश्न सर्वांत नाजूक. अन्न देवास वाहिलेले आहे असे कोणी सांगितल्यास ते सांगणाऱ्याच्या विवेकबुद्धीसाठी खाऊ नये, असे पौल म्हणतो (१० : २८), आणि ‘प्रसाद’ हा शब्दच ते सांगून टाकतो. तो नाकारल्यास मात्र शेजारी दुखावतो, आणि कोणासही अडखळण होऊ नये हा उपदेशही त्याच अध्यायात आहे (१० : ३२).