बेटे मोजू नका, मुक्काम मोजा

‘यंदाच्या सुटीत बाली’ असे घरात एकदा ठरले, की दुसरा प्रश्न आपसूक येतो. एवढ्या लांब जायचेच, तर शेजारची आणखी दोन-चार बेटे का नकोत? इंडोनेशियात बेटे आहेत १७ हजारांहून अधिक. मुलांना समुद्र हवा, आजीला देवळे हवीत आणि खर्च मात्र वर्षानुवर्षे साठवलेल्या एकाच पुंजीतून व्हायचा. निवड चुकली तर ती पुंजी विमानतळावरच्या खुर्च्यांत संपते.

नकाशावर ही बेटे एकमेकांना खेटून दिसतात. त्यांना आपल्याच भागाचे माप लावून पाहावे. बालीचे क्षेत्रफळ सुमारे ५,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे लातूर जिल्ह्याहूनही कमी. शेजारचे जावा मात्र अख्ख्या मराठवाड्याच्या दुप्पट! बेट बदलायचे म्हणजे सामानाची बांधाबांध, विमान किंवा बोट, पुन्हा नवे हॉटेल. त्यात निदान अर्धा दिवस जातो. शिवाय नांदेड-लातूरच्या माणसाला मुंबई किंवा हैदराबाद गाठण्याचा प्रवास वेगळाच.

म्हणून साधा हिशेब असा: एका बेटावर निदान तीन-चार रात्री. आठ दिवस असतील तर दोन बेटे पुरेत, आणि आपल्या कुटुंबांसाठी ती दोन म्हणजे जावा आणि बाली.

जावात योग्यकर्ता येथे मुक्काम ठेवावा. तेथून बोरोबुदूरचा प्रचंड बौद्ध स्तूप आणि प्रंबानन येथील शिवमंदिर दोन्ही होतात. ही दोन्ही स्थळे नवव्या शतकातली असून १९९१ साली जागतिक वारशाच्या यादीत आली. वेरूळच्या कैलास लेण्यात रामायणाचा शिल्पपट पाहिलेल्याला प्रंबाननच्या भिंतीवरचे रामायण परके वाटणार नाही. बोरोबुदूरच्या वरच्या टप्प्यांवर मोजक्याच लोकांना सोडतात, तेव्हा तिकीट आधी काढावे. पायऱ्या पुष्कळ आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी खालूनच दर्शन घ्यावे.

बालीत बहुसंख्य लोक हिंदू. तेथील नववर्ष शक संवतानुसार मोजतात आणि आकडाही आपल्या शालिवाहन शकाचाच: २०२५ च्या मार्चमध्ये तेथेही १९४७ सुरू झाले. या दिवसाला ‘न्येपी’ म्हणतात. आपण गुढी उभारून वाजतगाजत वर्ष सुरू करतो. तिथे मौन पाळतात. दिवे मंद, रस्ते ओस, विमानतळसुद्धा बंद! पाहुण्यांनाही हॉटेलबाहेर पडता येत नाही. मार्चच्या आसपास जाणाऱ्यांनी ही तारीख आधी पाहावी.

लोंबोक, फ्लोरेस ही बेटे सुंदर आहेत. कोमोडोची अजस्र घोरपड पाहायला मुले हट्टही धरतील. पण दहा-बारा दिवस हाती असतील तरच तिकडे वळावे. बालीजवळच्या नुसा पेनिडाला बोटीने जाऊन येता येते, मात्र तिथल्या किनाऱ्यावर उतरणारी वाट फार उभी आहे. आजी-आजोबांना सोबत घेऊन तो खटाटोप नको.

ऋतूचे म्हणाल तर एप्रिल ते ऑक्टोबर तिथे कोरडे दिवस, म्हणजे शाळांची उन्हाळी सुटी अगदी सोयीची. नाताळची सुटी मात्र भर पावसात सापडते.

शाकाहारी मंडळींनी चटणीबाबत जपावे. ‘सांबाल’मध्ये बहुधा वाळवलेल्या कोळंबीचा गोळा असतो. त्याऐवजी ‘तेंपे’ मागावे. आंबवलेल्या सोयाबीनच्या या वड्या हे जावाचे रोजचे अन्न. लातूरच्या आडतीत सोयाबीनच्या राशी पाहणाऱ्या माणसाला त्याची ही चव नवलाची वाटेल.

तेव्हा तिकिटे काढण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाला एकच विचारावे: तुला काय पाहायचे आहे? उत्तरे कागदावर मांडली, की बेटे आपोआप कमी होतात. राहिलेली बेटे कुठे पळून जात नाहीत. घाईत पाहिलेले मात्र परत आल्यावर आठवतही नाही.