क्लोनझिला, पीएक्सई आणि बूटची एक ओळ

प्रयोगशाळेतल्या तीस संगणकांवर एकसारखं लिनक्स टाकायची वेळ आली की कोणीतरी डिस्कची नक्कल, म्हणजे इमेज, घेऊन ती दुसरीकडे उतरवणाऱ्या क्लोनझिलाचं नाव घेतं. लगेच दुसरं कोणी सांगतं, “पण आपल्याला हवं तसं करायचं तर त्याची आयएसओ उघडून नव्याने बांधावी लागते.” या विषयातला सर्वांत चिवट गैरसमज हाच.

तैवानच्या राष्ट्रीय उच्चक्षमता संगणन केंद्रात तयार झालेलं क्लोनझिला पीएक्सईने, म्हणजे नेटवर्कवरून, सुरू करायला आयएसओतल्या तीन फायली पुरतात: कर्नल, इनिटआरडी आणि स्क्वॅशएफएसची मोठी फाइल. पुढे काय करायचं हे बूट मेनूतल्या ओळीत लिहिलेलं असतं. भाषा, कीबोर्ड, इमेज कुठे ठेवलीय, मुख्य कामाआधी कोणती आज्ञा चालवायची (ओसीएस-प्रीरन), मुख्य काम कोणतं आणि शेवटी काय (ओसीएस-पोस्टरन), सगळं त्याच ओळीत. ती ओळ सर्व्हरवरच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. प्रीरनमध्ये एनएफएसचं फोल्डर जोडून घ्यायचं आणि मुख्य काम म्हणून त्यातली आपली स्क्रिप्ट चालवायची. मग मेनूला पुन्हा हात लावायची गरज पडत नाही. नवी आवृत्ती आली की तिन्ही फायली एकदम बदलायच्या. कर्नल नवा आणि स्क्वॅशएफएस जुनी राहिली तर मॉड्यूल जुळत नाहीत, आणि दोष मात्र नेटवर्क कार्डाला दिला जातो. आत एखादा ड्रायव्हर किंवा पॅकेज घालायचं असेल तरच स्क्वॅशएफएस उघडायची वेळ येते.

ही मोठी फाइल पीएक्सईच्या नेहमीच्या टीएफटीपीवरूनच यायला हवी, असंही नाही. टीएफटीपी मुळात 512 बाइट पाठवून पोच येईपर्यंत थांबतं. ठोकळा मोठा करायची सोय नंतर आली, तरी शेकडो एमबींसाठी एचटीटीपी बरं. बूटच्या ओळीत ‘फेच’पुढे पत्ता बदलला की झालं.

“सगळं स्वयंचलित केलं की चुकायला वावच नाही” हा समज मला सर्वांत धोक्याचा वाटतो. मेनूत आपोआप निवडला जाणारा पर्याय ‘इमेज उतरवा’ असेल, पुष्टीचे प्रश्न बंद केलेले असतील आणि एखाद्या संगणकाच्या बूटक्रमात नेटवर्क पहिलं असेल, तर तो संगणक सुरू होताच स्वतःची डिस्क पुसतो. त्यात कुणाचा प्रबंध होता का, हे कोणी विचारत नाही. म्हणून मेनूचा ठरलेला पर्याय नेहमी ‘स्थानिक डिस्कवरून सुरू करा’ हाच हवा. पीएक्सईचा बूटलोडर पीएक्सलिनक्स सर्वसाधारण मेनूआधी मॅक पत्त्याच्या नावाची फाइल शोधतं. ज्या संगणकावर काम करायचं, त्याच्याच नावाची फाइल तेवढ्यापुरती ठेवायची आणि काम झाल्यावर काढून टाकायची.

“पीएक्सई हवं तर संस्थेचा डीएचसीपी सर्व्हर बदलावा लागेल,” असं सांगून नेटवर्क विभाग नकार देतो. प्रॉक्सी डीएचसीपी याचसाठी आहे. त्यात डीएनएसमास्क हा छोटा सर्व्हर फक्त बूटची माहिती पुरवतो, आयपी पत्ते जुनाच सर्व्हर वाटतो. मात्र जुन्या बायॉसला आणि यूईएफआयला एकच बूट फाइल चालत नाही. संगणक कोणत्या जातीचा, हे तो स्वतः डीएचसीपीच्या पर्याय 93 मध्ये सांगतो. त्यानुसार वेगळी फाइल द्यावी लागते. सिक्युअर बूट चालू असेल तर ती स्वाक्षरीचीच लागते.

सर्व्हर दमेल ही भीतीही अर्धवट. गिगाबिट जाळ्यावर 20 जीबीची इमेज तीस जणांना वेगवेगळी पाठवली तर कागदोपत्रीच 80 मिनिटं जातात. मल्टिकास्टने तेच एकदाच पाठवता येतं. पण सर्वांत मंद संगणकाच्या चालीने सगळ्यांना चालावं लागतं, म्हणून जुनी खोकी वेगळ्या फेरीत घ्यावीत.

क्लोनझिला डिस्कचा प्रत्येक बिट उचलतं, हाही समज व्यवहारात खरा नाही. ओळखीची फाइलप्रणाली असेल तर पार्टक्लोन फक्त वापरलेले ठोकळे घेतं. अनोळखी दिसली की मात्र डीडी सगळेच ठोकळे घेतं. त्यामुळे इमेजमधून पुसलेल्या फायली परत काढायची आशा धरू नये. आणि 500 जीबीच्या डिस्कवर 40 जीबीच भरलेले असले, तरी इमेज 250 जीबीच्या डिस्कवर सहज उतरत नाही: लक्ष्य डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा मोठी असावी लागते. लहान हवी असेल तर आधी विभाजनं आखडून घ्यावीत.

नक्कल झाली की संगणक वापरायला तयार, असं मानणाऱ्यांना पहिल्या दिवशीच गंमत दिसते: दोन संगणक एकाच आयपीसाठी भांडतात. सिस्टिमडी-नेटवर्कडी डीएचसीपीची ओळख मशीन-आयडीवरून बनवतं, आणि ती तर सगळ्यांची एकच झालेली असते. इमेज घेण्यापूर्वी मशीन-आयडीची फाइल रिकामी करा, एसएसएचच्या यजमान किल्ल्या काढा आणि पहिल्या बूटला त्या नव्या तयार होतील अशी सोय करा. यजमाननावंही बदलायची राहून जातात.

आता बॅकअप. क्लोनझिलात फक्त बदललेला भाग घ्यायची सोय नाही, चालू विभाजनाची इमेज घेता येत नाही आणि एकच फाइल परत काढणं किचकट आहे. रोजच्या कामासाठी आरसिंक, बोर्ग किंवा रेस्टिक आहेत. क्लोनझिलाची इमेज सत्राच्या सुरुवातीला, सगळं बसवून झाल्यावर घ्यायची, आणि ती एका रिकाम्या डिस्कवर उतरवून संगणक लॉगिनपर्यंत जातो का, हे त्याच आठवड्यात बघून घ्यायचं.