घरबसल्या कमाई : आधी पैसे मागितले की थांबा



गेल्या ऊसतोडीच्या हंगामाआधी कन्नड तालुक्यातील एका भिल्ल वस्तीवरची मुलगी माझ्याकडे रडत आली. बारावी शिकलेली, घरात एकच मोबाईल. टेलिग्रामवर तिला ‘घरबसल्या काम’ मिळाले होते : व्हिडिओला लाईक करायचे, हॉटेलांना चांगले रेटिंग द्यायचे. पहिल्या दिवशी दीडशे रुपये खरोखर खात्यात आले. मग ‘मोठ्या टास्क’साठी हजार भरले, त्याचे तेराशे आले. विश्वास बसला. पुढे पाच हजार, मग नऊ हजार भरले. मोबाईलवर आकडा वाढत होता. पण काढायला गेले की ‘आधी टॅक्स भरा’. ते पैसे म्हणजे वडिलांनी मुकादमाकडून घेतलेली उचल होती. पैसे गेले, तरी ती फेडायला कोयता उचलणे आलेच.

माझीही चूक सांगते. वस्तीवर बदनामी नको म्हणून तक्रारीआधी दोन दिवस मी समजूत घालण्यात घालवले. तेवढ्यात पैसे कुठल्या कुठे निघून गेले.

ही रीत देशभर चालते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने असल्या शंभराहून अधिक वेबसाइट बंद केल्या. बेरोजगार तरुण, महिला आणि निवृत्त कर्मचारी हे त्यांचे मुख्य लक्ष्य असल्याचे गृह मंत्रालयाने तेव्हा सांगितले होते.

आणखी दोन सापळे ओळखून ठेवा. पहिला, फॉर्म भरण्याचे काम. ऑनलाइन करारावर सही घेतात, शेवटी ‘चुका जास्त झाल्या’ म्हणतात आणि खोट्या वकिलाची नोटीस पाठवून दंड मागतात. घाबरून एक रुपयाही देऊ नका. नोटीस ओळखीच्या वकिलाला किंवा पोलिसांना दाखवा. दुसरा, बँक खाते भाड्याने मागणे. ‘पासबुक, एटीएम आणि सिम द्या, महिन्याला पैसे घ्या.’ त्या खात्यातून लुटीचा पैसा फिरतो, पोलीस प्रथम खातेदाराच्या दारात येतात. खाते गोठले की लाडक्या बहिणीचे १५०० रुपयेही त्यातच अडकतात.

साधी खूण अशी : खरा मालक काम करून घेऊन पैसे देतो, कामाआधी मागत नाही. पैसे मिळवण्यासाठी ओटीपी किंवा यूपीआय पिन कधीच लागत नाही.

फसलात तर त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर फोन करा, बँकेला कळवा. लवकर कळवले तर पुढच्या खात्यातली रक्कम रोखता येऊ शकते. चॅट पुसू नका, तोच पुरावा आहे. लिहिता येत नसेल तर आमच्या कार्यकर्त्याला हाक मारा; आम्ही सोबत येऊ.

ती मुलगी आता रविवारी उपासनेनंतर इतर मुलींना हे स्वतः समजावते. फसवले गेलेल्याला दोष देऊ नका. लाज लुटणाऱ्याची आहे, लुटल्या गेलेल्याची नव्हे. तिच्या कुटुंबाची उचल फिटावी म्हणून प्रार्थना करा.