थकवा शिफ्टचा की थायरॉईडचा?

नाशिकमधल्या सातपूरच्या एमआयडीसीत थकव्याचे कारण शोधावे लागत नाही. फर्स्ट शिफ्टला पहाटे उठायचे, नाईट केली की दिवसा झोपायचे. घरचे आवरून कंपनीत जाणाऱ्या बाईचा तर दिवस संपतच नाही. मग सुस्ती, बद्धकोष्ठता, गळणारे केस, वाढलेले दोन-चार किलो हे सगळे दगदगीच्या खात्यावर जमा होते आणि मंदावलेला थायरॉईड वर्षानुवर्षे लपून राहतो.

गळ्यात पुढच्या बाजूला असलेल्या या ग्रंथीचे संप्रेरक कमी पडले की हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, विचारांचा वेगसुद्धा संथ होतो.

डिसेंबरात नाशिकला शाल सगळेच घेतात. पण मार्चमध्ये घरचे पंखा लावत असताना एखादी एकटीच पांघरूण ओढून बसत असेल, तर लक्ष द्यायला हवे. सकाळी सुजलेला चेहरा, घोगरा आवाज, कोरडी त्वचा, टोकाशी विरळ झालेल्या भुवया, पाळीत जास्त रक्तस्राव, विसराळूपणा, विनाकारण उदासी. एकट्या लक्षणाने काहीच सिद्ध होत नाही. तीन-चार मिळून टिकून राहिली, तर रक्ताची टीएसएच तपासणी करावी. ग्रंथी ढिली पडली की मेंदूतली पिट्युटरी तिला जोराने हाका मारते, म्हणून टीएसएच वाढतो.

मुंबई आणि गोव्यासह आठ शहरांतल्या ५,३७६ प्रौढांची पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. जवळपास ११ टक्के लोकांचा थायरॉईड मंद होता आणि त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश लोकांना त्याचा पत्ताच नव्हता. बायकांमध्ये प्रमाण कितीतरी जास्त असले, तरी पुरुषही यातून सुटलेले नाहीत. तपासणीसाठी ईएसआय कार्डधारक कामगाराच्या कुटुंबालाही त्र्यंबक रोडवरच्या ईएसआय हॉस्पिटलचा आधार आहे. तिथे हा विषय जरूर काढावा.

उपचार म्हणजे रोजची एक छोटी गोळी. ती उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा निदान अर्ध्या तासाने. ही गोळी आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या यांत चार तासांचे अंतर हवे. शिफ्ट बदलते त्यांनी गोळीची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून अनेक जण गोळी परस्पर सोडतात. तो नॉर्मल बहुधा गोळीमुळेच असतो. गोळी चालू असताना दिवस राहिले, तर लगेच डॉक्टरांना सांगावे: बाळाच्या मेंदूची वाढ सुरुवातीला आईच्याच संप्रेरकावर होते आणि आईचा डोस बहुतेक वेळा वाढवावा लागतो.