चोपण जमीन आणि निचरा: पानिपत–कर्नाल पट्ट्याचा अभ्यास

मृदा अभियांत्रिकी किंवा सिंचन अभियांत्रिकीच्या वर्गात एक प्रश्न नेहमी विचारला जातो: जमिनीवर पांढरा क्षार दिसत असेल, तर उपाय काय? बहुतेकांचे उत्तर असते, "भरपूर पाणी देऊन क्षार धुऊन काढायचा." हे उत्तर एका प्रकारच्या जमिनीसाठी बरोबर आहे. दुसऱ्या प्रकारच्या जमिनीला मात्र याच उपायाने अधिक नुकसान होते. हा फरक का पडतो आणि तो आधीच कसा ओळखायचा, हे आपण या पाठात पाहू. उदाहरणासाठी यमुनेच्या काठचा पानिपत–कर्नाल पट्टा घेऊ, कारण भारतात या जमिनींचा सर्वांत सखोल अभ्यास याच भागात झाला आहे.

1. प्रदेशाची ओळख

1761च्या लढाईमुळे पानिपतचे नाव आपल्याला परिचित आहे. भूरचनेच्या दृष्टीने हा यमुनेने आणलेल्या गाळाचा सपाट प्रदेश आहे. स्थानिक लोक त्याचे दोन भाग करतात. नदीलगतच्या सखल, नव्या गाळाच्या पट्ट्याला 'खादर' म्हणतात आणि त्यापलीकडच्या उंच, जुन्या गाळाच्या पट्ट्याला 'बांगर' म्हणतात. बांगर सपाट दिसत असला तरी त्यात ठिकठिकाणी उथळ खोलगट भाग आहेत. चोपण जमीन प्रामुख्याने अशा खोलगट भागांत तयार झाली. तिला तिकडे 'कल्लर' किंवा 'ऊसर' म्हणतात आणि पृष्ठभागावर येणाऱ्या क्षाराला 'रेह' म्हणतात.

कर्नाल येथे 1969 पासून केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था काम करत आहे. तिचे प्रक्षेत्र झरीफा विरान या गावी आहे. या गावाच्या नावातच 'विरान', म्हणजे ओसाड, हा शब्द आहे.

2. ही जमीन कशी तयार होते?

गाळातील फेल्डस्पारसारख्या खनिजांची झीज होऊन सोडियम बायकार्बोनेट आणि कार्बोनेट मोकळे होतात. पावसाळ्यात आजूबाजूचे पाणी हे क्षार घेऊन खोलगट भागात साचते. पुढे उन्हाने पाणी आटू लागले की कॅल्शियम प्रथम चुन्याच्या रूपाने खाली बसतो. म्हणूनच या जमिनीत साधारण एक मीटरच्या आसपास चुनखडीच्या खड्यांचा, म्हणजे कंकरचा, थर सापडतो. द्रावणात सोडियम शिल्लक राहतो आणि चिकणमातीच्या कणांवरील कॅल्शियमची जागा घेतो. शेकडो पावसाळे हे चक्र चालू राहिले की जमीन चोपण होते.

माणसाने या प्रक्रियेला हातभार लावला. पश्चिम यमुना कालव्याचा इतिहास फिरोजशहा तुघलकाच्या काळापर्यंत जातो. 19व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी तो पुन्हा सुरू केला, तेव्हा त्याचा बराचसा मार्ग नैसर्गिक सखल भागातूनच जात होता. त्यामुळे पावसाच्या पाण्याचा वाहण्याचा मार्ग अडला आणि दलदल वाढली. तापाच्या साथींमुळे 1840च्या सुमारास कर्नालची लष्करी छावणी हलवावी लागली. 1850च्या दशकात मुनक गावच्या शेतकऱ्यांनी जमिनी रेहने बिघडल्याची तक्रार केली. पानिपत तहसील तेव्हा कर्नाल जिल्ह्यातच होती. डेन्झिल इबेटसन यांनी 1872 ते 1880 या काळात पानिपत तहसील आणि कर्नाल परगण्याची महसुली पाहणी केली, तिच्या अहवालातही रेह आणि तुंबलेला निचरा हे विषय येतात. पुढे कालव्याची आखणी बदलून तो उंचावरून नेण्यात आला. कालव्याची आखणी नेहमी उंच कण्यावरून करावी, सखल भागातून करू नये, हा नियम तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचता. त्यामागचा अनुभव असा आहे.

3. वर्गीकरण

क्षारपड जमिनीचे तीन प्रकार तीन मोजमापांवरून ठरतात: संपृक्त अर्काची विद्युत वाहकता, विनिमययोग्य सोडियमची टक्केवारी आणि सामू.

• खारवट: वाहकता 4 डेसीसीमेन प्रति मीटरपेक्षा जास्त, सोडियम 15 टक्क्यांपेक्षा कमी, सामू 8.5 पेक्षा कमी.
• खारवट-चोपण: वाहकता 4 पेक्षा जास्त आणि सोडियमही 15 टक्क्यांपेक्षा जास्त.
• चोपण: वाहकता 4 पेक्षा कमी, सोडियम 15 टक्क्यांपेक्षा जास्त, सामू 8.5 पेक्षा जास्त. भारतात ही सामूची मर्यादा 8.2 धरतात.

येथे एक धोका लक्षात घ्या. केवळ विद्युत वाहकता मोजली, तर चोपण जमिनीचा आकडा निर्दोष वाटू शकतो. प्रत्यक्षात कर्नाल भागातील न सुधारलेल्या जमिनीचा सामू 10 च्याही वर आढळतो आणि तिच्यात गवतसुद्धा जेमतेम उगवते. म्हणून तिन्ही मोजमापे एकत्र पाहावीत.

4. निचरा का बंद पडतो?

चिकणमातीच्या कणांवर ऋण प्रभार असतो. त्यांच्याभोवती कॅल्शियम असेल तर कण एकमेकांजवळ येऊन त्यांचे पुंजके बनतात आणि पुंजक्यांमधल्या पोकळीतून पाणी वाहते. कॅल्शियमच्या जागी सोडियम आला की कण एकमेकांपासून दूर सरकतात, पाण्यात विखुरतात आणि खाली जाऊन बारीक छिद्रे बंद करतात. परिणामी पावसानंतर वर आठवडेच्या आठवडे डबके साचते आणि फूट-दोन फूट खाली माती कोरडीच राहते. वाळल्यावर वर कडक पापडी धरते. विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थामुळे पृष्ठभागावर कधी कधी काळपट डागही दिसतात.

भूजल खोल असतानाही ही जमीन पाणथळ दिसते, हे तिचे खास लक्षण आहे. पाणी खालून वर आलेले नसते, ते वरून खाली गेलेले नसते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. पाण्यात पुरेसे क्षार असतील तर सोडियम असूनही कण फारसे विखुरत नाहीत. खारवट-चोपण जमिनीत नुसते गोडे पाणी सोडले, तर हे संरक्षक क्षार आधी निघून जातात आणि कणांना चिकटलेला सोडियम तसाच राहतो. जमीन खारवट-चोपणची निव्वळ चोपण होते आणि निचरा पूर्ण बंद पडतो.

प्रयोग: दोन ग्लासांत ऊर्ध्वपातित पाणी घ्या. एकात चिमूटभर जिप्सम विरघळवा. दोन्हींत मातीचे एकेक वाळलेले ढेकूळ अलगद सोडा आणि न ढवळता काही तास पाहा. चोपण मातीभोवती साध्या पाण्यात गढूळ ढग पसरतो, जिप्समच्या पाण्यात तो दिसत नाही किंवा फारच कमी दिसतो. नळाचे जड पाणी वापरू नका, त्यातील कॅल्शियममुळे निष्कर्ष चुकतो. अशी विखुरणारी माती बांधाच्या किंवा कालव्याच्या भरावात वापरली, तर आतून पाण्याच्या नळ्या पडून भराव फुटण्याचा धोका असतो. म्हणून हा विषय शेतीइतकाच स्थापत्य अभियंत्याचाही आहे.

5. सुधारणा: आधी कॅल्शियम, मग पाणी

जमिनीत चुनखडी असते, पण उच्च सामूला ती जवळपास विरघळत नाही. जिप्सम लिटरमागे सुमारे अडीच ग्रॅम विरघळते आणि कॅल्शियम पुरवते. सुटलेला सोडियम सल्फेटच्या रूपाने पाण्याबरोबर खाली जातो.

सोडवलेले उदाहरण: वरच्या 15 सेंटिमीटर थराची घनता 1.5 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, विनिमय क्षमता किलोमागे 10 सेंटीमोल आणि सोडियम 60 टक्के आहे. तो 15 टक्क्यांवर आणण्यासाठी हेक्टरी किती जिप्सम लागेल?

मातीचे वजन = 22,50,000 किलो.
काढायचा सोडियम = 10 च्या 45 टक्के = 4.5 सेंटीमोल प्रति किलो.
एका सेंटीमोल प्रभारासाठी शुद्ध जिप्सम 0.86 ग्रॅम, म्हणून 4.5 × 0.86 = 3.87 ग्रॅम प्रति किलो.
हेक्टरी गरज ≈ 8.7 टन. जिप्समची शुद्धता 80 टक्के असल्यास ≈ 10.9 टन.

मातीत मुक्त सोडियम कार्बोनेट असेल तर गरज आणखी वाढते. उत्तर हरियाणात साधारण 10 ते 15 टनांचा अंदाज धरला जातो.

कामाचा क्रम असा: सपाटीकरण आणि पक्के बांध, वरच्या 10 सेंटिमीटरमध्ये जिप्सम मिसळणे, दहा-पंधरा दिवस पाणी साठवणे आणि मग भाताची लावणी. भात साचलेले पाणी सहन करतो आणि त्याच्या मुळांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड चुनखडी विरघळवायला मदत करतो. कर्नालच्या संस्थेने यासाठी सीएसआर 30 हा बासमतीचा वाण आणि केआरएल मालिकेतील गव्हाचे वाण दिले आहेत. उन्हाळ्यात धैंचा घेऊन तो जमिनीत गाडतात.

6. एकच उपाय सगळीकडे नाही

पानिपतपासून फार दूर नसलेल्या गोहाना परिसरात खारे भूजल वर आले होते. तिथे 1990च्या दशकात नेदरलँड्सच्या सहकार्याने जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकून निचरा केला गेला. महाराष्ट्रात सांगली, शिरोळ, नीरा आणि प्रवरा कालव्यांच्या उसाच्या पट्ट्यांत काळी, फुगणारी माती आहे. तिचा निचरा सोडियम 15 टक्क्यांवर जाण्याआधीच बिघडतो आणि अनेकदा जिप्सम व भूमिगत निचरा दोन्ही लागतात.

सुधारलेली जमीन पुन्हा बिघडूही शकते. विहिरीच्या पाण्यात कार्बोनेट व बायकार्बोनेटची बेरीज कॅल्शियम व मॅग्नेशियमपेक्षा लिटरमागे 2.5 मिलिइक्विव्हॅलंटहून अधिक असेल, तर ते पाणी हळूहळू जमीन परत चोपण करते. शिवाय भाताने जमीन सुधारली, पण भूजलावरचा ताणही वाढवला. पानिपत जिल्ह्यात उपसा पुनर्भरणापेक्षा जास्त आहे. 15 जूनपूर्वी भाताच्या लावणीवर बंदी घालणारा कायदा हरियाणाने 2009 मध्ये केला, तो याच कारणाने.

स्वाध्याय

1. एका नमुन्याची वाहकता 1.8, सामू 9.6 आणि सोडियम 48 टक्के आहे. प्रकार ओळखा. नुसते पाणी दिल्यास काय होईल?
2. वरील उदाहरणात विनिमय क्षमता 40 सेंटीमोल घेऊन जिप्समची गरज काढा. काळ्या मातीतील सुधारणेच्या खर्चाबद्दल यावरून काय म्हणता येईल?
3. तुमच्या तालुक्यातील एका पाणथळ जागेचे निरीक्षण करा. पाणी वर साचले आहे की खालून आले आहे, हे ठरवण्यासाठी दीड मीटर खोल भोक घेऊन काय पाहाल?