जुन्या संगणकाची पहिली सुधारणा



आमच्या शेजारीं महाविद्यालयांत शिकणारा एक मुलगा राहतो. लहान मुलांच्या शिकवण्या करून जमविलेल्या पैशांतून त्यानें एका कचेरीनें मोडींत काढलेला संगणक विकत घेतला. संगणक फार मंद चाले. तेव्हां आणखी चार महिन्यांची शिल्लक खर्चून त्यानें एक वेगवान प्रोसेसर आणला. जुना प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या पिढीचा, नवा आठव्या पिढीचा. जुन्याच्या सॉकेटांत ११५१ टोंकें आणि नव्याच्याहि सॉकेटांत ११५१च. तेव्हां तो बसणारच, असा त्याचा हिशेब. आणि तो बसलाहि! परंतु बटण दाबल्यावर पंखा फिरला, पडदा मात्र काळाच राहिला. वापरलेला माल विक्रेता परत घेईना, आणि चार महिन्यांची मेहनत कागदांत गुंडाळून कपाटांत ठेवावी लागली.

मला आज जें सांगावयाचें आहे, तें बहुतेक सारें या एका हकीकतींत आलें आहे. एखादा भाग जागेवर बसणें ही एक गोष्ट, आणि त्याचें बाकीच्या यंत्राशीं जुळणें ही अगदीं दुसरी गोष्ट. पैसे बेताचे असतील त्यानें तर हा भेद प्रथम ध्यानांत घेतला पाहिजे.

निरनिराळ्या कारखान्यांचे भाग एका पेटींत नांदतात, हें मुळांत घडतें कसें? १९८१ सालीं आयबीएम कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक बाजारांत आणला, तेव्हां त्याची रचना बरीचशी उघड ठेवली. त्यामुळें इतरांना त्यास लागू पडणारे भाग बनवितां आले. पुढें १९९५ सालीं इंटेलनें एटीएक्स हें माप प्रसिद्ध केलें, आणि पेटी, मदरबोर्ड व पॉवर सप्लाय यांचे आकार एकमेकांशीं जुळूं लागले. परंतु मापें सारखीं झालीं म्हणून आंतला व्यवहार सारखा झाला, असें मात्र नव्हे.

त्या मुलाचेंच उदाहरण घ्या. इंटेलची सहावी पिढी २०१५ सालीं आली, आठवी २०१७ सालीं. टोंकांची संख्या तीच राहिली. पण अधिक गाभ्यांच्या नव्या प्रोसेसरास जास्त वीज पोंचावी म्हणून कांहीं टोंकांचें काम बदलण्यांत आलें. सहाव्या व सातव्या पिढीला १०० आणि २०० या मालिकांचे चिपसेट लागतात, आठव्या व नवव्या पिढीला ३०० मालिकेचे. टोंकें मोजून हें कळत नाहीं. याच्या उलट एएमडीच्या एएम४ सॉकेटावर २०१७ चा रायझन चालतो आणि २०२० चाहि चालतो. मात्र जुन्या बोर्डाच्या उत्पादकानें त्यासाठीं नवा बायोस काढलेला असावा लागतो, व तो जुना प्रोसेसर जागेवर असतांनाच भरून घेणें सोयीचें. म्हणून नियम असा कीं, आपल्या मदरबोर्डाचें पूर्ण नांव वाचावें, उत्पादकानें त्या बोर्डासाठीं दिलेली प्रोसेसरांची यादी पाहावी, आणि त्या यादींत जें नाहीं तें कितीहि स्वस्त मिळालें तरी घेऊं नये.

पण थांबा, प्रोसेसर बदलण्याची गरज तरी होती काय? पाटाचें पाणी एका जागीं अडलें असेल, तर तेथला गाळ काढावयाचा, का विहीर खोल करावयाची? संगणकाचा मंदपणा कोठें आहे, तें आधीं शोधावें. विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडून नेहमींचें काम करतांना पाहावें. प्रोसेसर सतत शंभर टक्क्यांवर असेल तर दोष त्याचा. रॅम भरून गेली असेल तर तिचा. प्रोसेसर निवांत आणि डिस्क मात्र शंभरावर असेल, तर अडथळा डिस्कचा. त्या मुलाच्या यंत्रांत रॅम अवघी ४ जीबी होती, आणि डिस्क जुनी, फिरत्या तबकडीची.

मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीस एका फेऱ्याला आठ मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो. हवी ती माहिती सुईखालीं येईपर्यंत प्रोसेसरानें वाट पाहावयाची. एसएसडींत फिरणारें कांहींच नसल्यानें ही वाट जवळजवळ नाहींशी होते. जुन्या यंत्रास सर्वांत अधिक गुण याच बदलानें येतो. येथेंहि आकार फसवितो. एम.२ हें केवळ आकाराचें नांव आहे. त्या आकाराची एसएसडी साटा पद्धतीची असूं शकते किंवा एनव्हीएमई पद्धतीची, आणि बोर्डावरील खांच यांपैकीं एकच पद्धत ओळखणारी असूं शकते. जुन्या बोर्डांवर पुष्कळदां ही खांचच नसते. तेथें अडीच इंची साटा एसएसडी घ्यावी. ती जुन्या डिस्कच्याच केबलींना लागते.

रॅमची गोष्ट निराळी. डीडीआर३ ला २४० टोंकें, डीडीआर४ व डीडीआर५ या दोहोंना २८८. परंतु तिन्हींतील खांचेची जागा वेगळी असल्यानें चुकीची पट्टी बसतच नाहीं. न बसल्यास जोर करूं नये. केवळ प्रोसेसराच्या नांवावरूनहि रॅम ठरवूं नये. सहाव्या पिढीचा प्रोसेसर डीडीआर३एल आणि डीडीआर४ या दोहोंशीं बोलूं शकतो. बोर्ड मात्र बहुधा एकाच जातीचा असतो. म्हणून पेटी उघडून आंतल्या पट्टीवरचा मजकूर वाचावा. बोर्डावर दोन खांचा असतील, तर एका मोठ्या पट्टीपेक्षां दोन सारख्या पट्ट्या बऱ्या; दोन वाटांनीं माहिती एकदम जाते.

ज्यांस खेळांसाठीं किंवा चित्रफितींच्या कामासाठीं ग्राफिक्स कार्ड हवें असेल, त्यांनीं आधीं वीज मोजावी. बोर्डावरील स्लॉट कार्डास फार तर ७५ वॅट देतो. त्याहून अधिक लागल्यास पॉवर सप्लायमधून वेगळी तार यावी लागते: सहा टोंकांची ७५ वॅट देते, आठ टोंकांची १५०. कचेऱ्यांच्या छोट्या यंत्रांत अशी तार बहुधा नसते, आणि त्यांचा पॉवर सप्लाय कधींकधीं एटीएक्स मापाचाहि नसतो. म्हणजे तो बदलणेंहि सोपें नाहीं. अशा वेळीं जोडतारांच्या युक्त्या न करतां ७५ वॅटच्या आंतलें, जादा तार न मागणारें कार्ड पाहावें, आणि पेटींत त्याची लांबी-उंची मावते कीं नाहीं तें पट्टीनें मोजावें.

एक गोष्ट भागांनीं सुधारत नाहीं, तीहि सांगितली पाहिजे. विंडोज १० ची नेहमींची सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली, आणि विंडोज ११ च्या मान्य यादींत इंटेलची सहावी पिढी नाहीं. अशा यंत्रावर लिनक्स घालून तें सुखानें वापरतां येतें. पण विंडोज ११ च हवें असेल, तर जुन्या बोर्डावर फार पैसा घालण्यापूर्वीं दहादां विचार करावा. आणि एसएसडी व पेटी पुढच्या यंत्रांतहि चालतील, जुनी रॅम बहुधा चालणार नाहीं, हेंहि खर्चाच्या वेळीं स्मरावें.

काम सुरू करण्यापूर्वीं आपल्या कागदपत्रांची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी, विजेची तार भिंतींतून काढावी, आणि भाग हातीं धरण्याआधीं पेटीच्या उघड्या धातूस स्पर्श करावा.

त्या मुलानें पुढें जुनाच प्रोसेसर परत बसविला, एक साटा एसएसडी घातली, आणि आंतल्या ४ जीबीच्या पट्टीशेजारीं तशीच दुसरी लावली. जो संगणक सुरू होईपर्यंत चहा होत असे, तो आतां आधण येण्यापूर्वींच तयार असतो. यासाठीं त्याला त्या प्रोसेसराहून कमीच पैसे पडले. तो प्रोसेसर अद्याप कपाटांत आहे. कोणी मित्र नवा भाग घेण्यास निघाला, कीं तो मुलगा पुडी उघडून दाखवितो आणि विचारतो, “तुझ्या बोर्डाचें नांव काय?” आपणहि बाजाराची वाट धरण्यापूर्वीं हाच प्रश्न स्वतःस विचारावा, एवढें सांगून मी आपली रजा घेतों.