पाचटाचा जाळ आणि संशोधनाचा खर्च

पणदरे परिसरातील ऊस नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसला जातो. तोड झाली की शिवारात पाचट उरते. खोडव्याला पाणी देताना त्याची अडचण होते, म्हणून पुष्कळदा ते पेटवून दिले जाते. हेक्टरी सुमारे १० टन पाचटाची पाहता पाहता राख होते, त्यातील नत्र हवेत जाते आणि धूर गावाच्या वाट्याला येतो. शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. परंतु हलके, फुलारलेले पाचट वाहून नेण्याचा खर्च त्याच्या किमतीहून अधिक पडतो. काडी लावणे हाच त्याला काटकसरीचा मार्ग वाटतो.

यावरील संशोधनाचा खर्च कोणी सोसावा? धूर कमी झाल्याचा लाभ सर्वांना मिळतो, पण त्याचे मोल कोणाकडूनच वसूल करता येत नाही. साहजिकच खासगी भांडवल इकडे फिरकत नाही. ही उणीव शास्त्रीय संस्थांनीच भरून काढावयाची असते. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या ‘कम्बश्चन इन्स्टिट्यूट’ने जगभरच्या ज्वलनशास्त्रज्ञांना एकत्र आणले. आपल्याकडे नीरेपलीकडे, फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने उसाच्या पाल्यापासून ज्वलनशील वायू मिळविण्याचे प्रयोग केले. डॉ. आनंद कर्वे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने तर भट्टीच शेतावर नेली. बंद पिंपांत पाचट तापवावयाचे, त्यातून सुटणारा वायू त्याच भट्टीत जाळावयाचा आणि उरलेल्या कोळशाच्या भुकटीत खळ मिसळून कांड्या पाडावयाच्या, अशी ही रीत. भार कमी झाला की वाहतूकही परवडते. या कामाला २००२ चा ‘ॲश्डेन’ पुरस्कार लाभला.

तथापि पुरस्काराने शिवारातला जाळ विझत नाही. पाचट गोळा करण्याची मजुरी कांड्यांच्या विक्रीतून निघाली पाहिजे. शिवाय तेच पाचट सरीत कुजविले तर जमिनीचा कस वाढतो; म्हणजे चुलीत घातलेला प्रत्येक भारा जमिनीकडून घेतलेला असतो. चुलीला किती द्यावे आणि जमिनीला किती ठेवावे, याचा हिशेब गावोगावच्या मातीनुसार मांडावा लागेल. तो एकट्या शेतकऱ्याला मांडता येणार नाही. साखर कारखाने, महाविद्यालये व संशोधन संस्था यांनी तो मिळून मांडावा आणि त्याचा खर्च सार्वजनिक निधीतून व्हावा. धूर सर्वांचा असेल, तर तो थांबविण्याचा भारही सर्वांनीच उचलला पाहिजे.